नदीकाठच्या सोसायटीत नव्यानं कमिटीवर आलात? पावसाळ्यात कुणाच्या खबरीवर काय करायचं, ते मे महिन्यातच ठरवा

२५ जुलै २०२४च्या पहाटे साडेतीनला माझ्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपचे एकशे चाळीस मेसेज न वाचलेले पडले होते. सेक्रेटरी होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. आमची इमारत पुण्यात सिंहगड रस्त्याला, मुठा नदीपासून हाकेच्या अंतरावर.

खडकवासला धरणातून विसर्ग, म्हणजे नदीत सोडायचं पाणी, वाढवल्याचा मेसेज त्या एकशे चाळिसांत होता. त्याच्या वर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि खाली कुठल्याशा पुलावरून वाहणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ. वॉचमनमामा दोनदा वर येऊन सांगून गेले होते, "मॅडम, घाटाची खालची पायरी आता दिसत नाही." आणि बी विंगमधल्या एका काकांनी ठासून सांगितलं होतं की त्यांची खात्यात ओळख आहे, पाणी आता कमी करणार आहेत, कुणी घाबरू नका. मी काकांचं ऐकलं. ते एकटेच ठामपणे बोलत होते, आणि मलाही तेच ऐकायचं होतं.

पाच वाजता पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. तळमजल्यावरच्या आजींना ऑक्सिजनचं मशीन लागतं. वीज गेली, मशीन बंद पडलं, आणि चौघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं वर नेलं. आजी सुखरूप आहेत. पण त्या वीस मिनिटांत त्यांचा श्वास कसा चालला होता, ते मी विसरलेले नाही. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

मेसेज कमी पडले म्हणून आम्ही चुकलो, असं झालं नव्हतं. त्यातला कुठला उचलायचा आणि त्यावर काय करायचं, हे कुणीच आधी ठरवलेलं नव्हतं. ‘ही बातमी खरी का?’ हा प्रश्न पहाटे साडेतीनला सुटत नाही. ‘एवढ्या खबरीवर कुठलं काम करायला हरकत नाही?’ हा मात्र सुटतो.

१. तुमच्या दारात येणारं पाणी कुणाचं, ते आधी शोधा

पुण्यात नुसतं ‘नदीला पाणी आलं’ म्हणून भागत नाही. सिंहगड रस्ता, विठ्ठलवाडी, डेक्कन, शनिवार-नारायण पेठेची कड इथे मुठा, म्हणजे खडकवासला. बाणेर, औंध, बोपोडीला मुळा, आणि तिच्या मागे मुळशी धरण. सांगवी-दापोडीकरांना मुळशीबरोबर पवना धरणावरही लक्ष ठेवावं लागतं, कारण पवना तिथेच मुळेला मिळते. मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली बंडगार्डनकडे सगळ्यांचंच पाणी एकत्र होतं.

शिवाय ओढे आहेत. पाषाण-बावधनला रामनदी, कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत माणसं आणि घरं वाहून नेली, तेव्हा त्यात धरणाचा संबंध नव्हता. दक्षिणेकडच्या टेकड्यांवर थोड्या वेळात प्रचंड पाऊस पडला आणि ते सगळं पाणी ओढ्यातून आलं. त्या रात्री कुणी दर पाच मिनिटांनी खडकवासल्याचा आकडा बघत बसलं असतं, तर आकडा अगदी बरोबर मिळाला असता आणि उपयोग शून्य झाला असता. खबर कितीही पक्की असो, ती तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते का, ते आधी बघायचं.

महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशांत निळी आणि लाल पूररेषा दाखवलेली असते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत पोहोचतो, १०० वर्षांतून एकदा येणारा लाल रेषेपर्यंत. आपला प्लॉट त्यात कुठे बसतो ते बघून त्या भागाची प्रिंट काढून ठेवा. मात्र ‘आपण निळ्या रेषेच्या बाहेर आहोत’ म्हणून निर्धास्त होऊ नका. नदीपात्रात भराव पडतो, राडारोडा टाकला जातो, नाले वळवले जातात, आणि कागदावरची रेषा आपल्या जागी तशीच राहते.

२. बातम्यांच्या आधी कामांची यादी करा

आम्ही सगळ्यात उशिरा शिकलो ते हे, आणि माझ्या मते बाकी सगळं यावरच उभं आहे. पाणी येण्याच्या भीतीनं सोसायटीला करावी लागणारी कामं चारच असतात. फुकट गेली तर त्यांची किंमत मात्र सारखी नसते.

गाड्या वरच्या रस्त्यावर नेणं. उगाच नेल्या तर लोकांची अर्धा तास झोपमोड होते, थोडी कुरकुर ऐकावी लागते. न नेल्या तर लाखोंचं नुकसान. इतक्या स्वस्त कामाला कच्ची खबरही पुरते. वॉचमनमामांनी ‘पायरी बुडाली’ म्हटलं की गाड्या निघाल्या, चर्चा नाही.

लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी करून बंद करणं, पंप आणि तळाच्या मीटर रूमचा पुरवठा तोडणं. उगाच केलं तर काही तास गैरसोय, वरच्या टाकीतलं पाणी जपून वापरावं लागतं. याला विसर्गाचा एक आकडा आणि एका माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं, असं दोन्ही हवं. पण पाणी मीटरपर्यंत येण्याची वाट कधीही बघू नका. त्याच २५ जुलैच्या पहाटे डेक्कन भागात, नदीपात्रालगत, तीन तरुण विजेच्या धक्क्यानं गेले. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही, मग आत काहीही राहिलेलं असो. उशीर झालाच असेल तर महावितरणला १९१२वर कळवा आणि लांब राहा.

तळमजल्यावरच्यांना वर नेणं. निरोगी माणसांसाठी हे सोपं आहे. मशीनवर असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उगाच हलवणंही धोक्याचं असतं, म्हणून इथे खबर पक्की करून घ्या. पण तयारी कच्च्या खबरीवरच सुरू करा: वरच्या मजल्यावरची खोली, भरलेला सिलिंडर, चार हात.

इमारत सोडणं. हे प्रशासनाच्या किंवा अग्निशमन दलाच्या सांगण्यावरून. रात्रीच्या अंधारात वाहत्या पाण्यातून स्वतःच्या मनानं माणसं बाहेर काढू नका.

हे चार टप्पे एका कागदावर लिहा, प्रत्येकापुढे ‘किती खात्री झाल्यावर’ ते लिहा आणि सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. पहाटे कुणी ‘कुणाच्या परवानगीनं उठवलं?’ म्हणून अंगावर आलं, तर ठरावाची प्रत हातात हवी.

३. खबर देणाऱ्याला चार प्रश्न विचारा

स्वतः पाहिलं का? कधी पाहिलं? चुकलं तर तुमचं काय जातं? आणि मागच्या वेळी तुम्ही सांगितलं तसं झालं होतं का?

हे चार प्रश्न माणसालाही लागू पडतात, आकड्यालाही, ॲपलाही. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या खबरींना ते लावून बघितले, तेव्हा असं दिसलं.

धरणाचा विसर्ग. जलसंपदा विभागाकडून क्युसेकमध्ये येतो, पुढे जिल्हा प्रशासन आणि महापालिका तो कळवतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. त्या २५ जुलैला विसर्ग ३५ हजारांच्या पुढे गेला होता, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, आणि त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम २ टीएमसीचा. वाटी लहान, त्यामुळे पाऊस जोरात असला की ती बघता बघता भरते आणि विसर्गाचा आकडा एका रात्रीत अनेकदा बदलतो. म्हणून आकड्यासोबत वेळ नसेल तर तो आकडाच नव्हे. ‘आत्ताच वाढवलं’ असा मेसेज फिरत फिरत तुमच्यापर्यंत तीन तासांनी आलेला असू शकतो. दुसरं म्हणजे हा आकडा धरणातून सुटलेल्या पाण्याचा. धरणापासून तुमच्यापर्यंतच्या पट्ट्यात पडलेला पाऊस आणि मध्ये मिळणारे ओढे त्यात धरलेले नसतात. तेव्हा दारातलं पाणी आकड्यापेक्षा जास्त असू शकतं.

हवामान खात्याचा इशारा. पुणेकरांना शिवाजीनगरच्या वेधशाळेचं, ‘सिमला ऑफिस’चं, फार जुनं नातं आहे, १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. इशाऱ्यात पुणे शहर परिसर आणि घाटमाथा वेगळे दिलेले असतात, ते वेगळेच वाचा. मुठेकाठी राहणाऱ्यानं घाटमाथ्याच्या इशाऱ्याचा रंग आधी बघायचा, कारण आपल्या नदीचं पाणी तिकडं पडतं. शहरात ऊन असेल आणि टेमघरला धो धो चालू असेल. आंबिल ओढ्याकाठच्यांनी उलट, शहराचा आणि कात्रज बाजूचा पाऊस बघायचा. २४ तासांत ११५ मिलिमीटरपेक्षा जास्त म्हणजे अति मुसळधार आणि २०४ मिलिमीटरच्या पुढे म्हणजे अत्यंत मुसळधार, एवढे दोन आकडे लक्षात राहिले तरी पुरे. हा अंदाज दिवसाचा आहे, तासाचा नाही. त्यावर गाड्या हलवायच्या नसतात. त्यावर आज रात्री कोण जागं राहणार, ते ठरवायचं असतं.

वॉचमनमामा आणि घाटाची पायरी. माझ्या मते सगळ्यात कमी मान मिळणारी आणि सगळ्यात मोलाची खबर हीच. मामा स्वतः बघतात, आत्ता बघतात, आणि पाणी आलं तर पहिल्यांदा त्यांचीच केबिन बुडते. त्यांचा अंदाज चुकू शकतो, पण पायरी चुकत नाही. त्यांची अडचण एकच: त्यांना आत्ताचं दिसतं, दोन तासांनंतरचं दिसत नाही. म्हणून पायरी आणि विसर्गाचा आकडा हे एकमेकांना धरून वाचायचे.

‘भिडे पूल पाण्याखाली गेला.’ ही बातमी टीव्हीवर हमखास येते, खरी असते, आणि डेक्कनपलीकडच्यांच्या कामाचीही असते. पण सिंहगड रस्ता भिडे पुलाच्या वरच्या अंगाला आहे. पूल बुडवणारं पाणी तुमच्या दारावरूनच गेलेलं असतं. त्या बातमीची वाट बघत बसलात तर तुम्ही आधीच उशीर केलेला असतो.

जुने रहिवासी. ‘तीस वर्षांत इथे कधी पाणी आलं नाही’ हे ते मनापासून सांगतात आणि ते खरंही असतं. त्यांना फक्त पुढचा प्रश्न विचारा: तीस वर्षांपूर्वी समोर काय होतं? आमच्याकडे उत्तर आलं, ‘मोकळं रान आणि उसाचं शेत.’ पाण्याला पसरायला ती जागा होती, आता तिथे इमारती आहेत. अनुभव खरा, पण तो ज्या नदीचा होता ती नदी आता तशी राहिलेली नाही. त्याच लोकांना ‘पाणी सगळ्यात आधी कुठून शिरतं?’ असं विचारलंत, तर मात्र त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगणार नाही. आमच्या मागच्या भिंतीतल्या ड्रेनेजच्या तोंडाची माहिती मला अशाच एका आजोबांनी दिली.

‘माझी ओळख आहे.’ बी विंगमधल्या काकांवर माझा राग नाही. त्यांना खरोखर धीर द्यायचा होता. पण नंतर शांतपणे विचारल्यावर कळलं की त्यांनी ओळखीच्या माणसाशी रात्री साडेनऊला बोलणं केलं होतं. तेव्हा ते खरं असेल. पहाटे ते सहा तास जुनं झालं होतं आणि कुणीही वेळ विचारली नव्हती, मीसुद्धा नाही. आता आमच्या ग्रुपवर नियमच आहे: ऐकीव माहितीसोबत ‘कुणाकडून आणि किती वाजता’ लिहायचं. नाही लिहिलं तर त्यावर कुठलंही काम करायचं नाही.

व्हिडिओ. जागा आणि तारीख ओळखू येत नसेल तर बाजूला ठेवा. पाटी, दुकान, पूल, काहीतरी ओळखीचं दिसलं पाहिजे.

४. दहा मेसेज म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ‘पानशेतचे दरवाजे उघडले’ असं पाच वेगवेगळ्या लोकांनी मला कळवलं. पानशेत म्हटलं की पुणेकराच्या पोटात गोळा येतो. १२ जुलै १९६१ला ते धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनीही घरात ऐकलेलं असतं. पाच जणांनी सांगितलं म्हणून मी उठून निघाले होते. मग एकेकाला विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? पाचही वाटा एकाच फॉरवर्डला जाऊन मिळाल्या. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोही अनोळखी.

आणि पानशेतमधून पाणी सोडलं हे खरं असलं, तरी ते आधी खडकवासल्याच्या जलाशयात येतं. नदीला किती येणार, ते खडकवासल्यातून किती सोडतात त्यावर. त्यामुळे ती खबर ‘पुढच्या काही तासांत विसर्ग वाढू शकतो’ एवढंच सांगते. त्यावर जागं राहावं, आजींना खुर्चीत बसवू नये.

उलट दोनच खबरी असतील, पण वेगळ्या वाटांनी आलेल्या, एक धरणावरून आणि एक घाटावरून, तर त्या पन्नास फॉरवर्डना भारी असतात. माहिती जुळते का हे बघताना त्या एकमेकींकडून तर आलेल्या नाहीत ना, एवढं एकदा तपासा.

५. वही ठेवा

दोनशे पानी साधी वही. रकाने असे: तारीख, वेळ, खबर काय, कुणाकडून, त्यांनी कधीची सांगितली, विसर्ग किती, घाटावर पाणी कुठपर्यंत, आपण काय केलं, पुढे काय झालं. शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी भरायचा. तोच सगळ्यात जास्त राहून जातो.

घाटावर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर ऑइल पेंटनं एकेका फुटाच्या खुणा करा. मग विसर्ग बदलला किती वाजता आणि पाणी तुमच्या खुणेला लागलं किती वाजता, हे लिहीत जा. दहा-बारा नोंदी झाल्या की धरणापासून तुमच्यापर्यंत पाणी यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला तुमच्यापुरतं समजतं. दुसऱ्या सोसायटीचा आकडा उसना घेऊ नका. पात्राचं वळण, पूल, भराव यानं तो बदलतो.

एका पावसाळ्यानंतर वही चाळली तेव्हा काही गोष्टी मला अनपेक्षित होत्या. मामांनी सात वेळा उठवलं होतं, त्यातल्या पाच वेळा पाणी आणखी चढलं. ग्रुपवरच्या ‘पक्क्या’ खबरींपैकी निम्म्यांना वेळच नव्हती. आणि एक काकू, ज्या कधी ठामपणे बोलत नाहीत, नेहमी ‘मला वाटतं, पण एकदा बघून घ्या’ म्हणतात, त्यांचं जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर निघालं होतं. त्या पुलावरून कामाला जातात, रोज नदी बघतात. आता त्या आमच्या कमिटीवर आहेत.

इथे एक मोठा खड्डा आहे. मामांनी दोनदा उगाच उठवलं, की तिसऱ्यांदा लोक ‘लांडगा आला रे आला’ म्हणून कूस बदलतात. त्यांना वहीतलं पान दाखवा. सातांपैकी दोनदा झोप गेली, पाचदा गाड्या वाचल्या. ज्यानं उठवलं त्याला चुकल्याबद्दल कधी बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो खात्री होईपर्यंत थांबेल.

६. जवळ काय काय हवं

पूररेषेच्या नकाशाची प्रिंट आणि सोसायटीचा ठराव. तळमजल्यावरच्या कुटुंबांची यादी: कोण आजारी, कुणाला कुठलं मशीन, कुणाचं बाळ लहान, वर कुणाकडे जाणार. वॉर्ड ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापनाचा आणि धरणाच्या पूर नियंत्रण कक्षाचा फोन नंबर. मे महिन्यात स्वतः लावून बघा, लागतो का आणि रात्री कोण उचलतं. ११२, अग्निशमन दलाचा १०१, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. फोनवर ‘सचेत’ आणि ‘मौसम’ ही सरकारी ॲप. दोन बॅटऱ्या, शिट्टी, गमबूट, दोर, चार्ज केलेली पॉवर बँक. आणि वही, पेनासकट. पेन दोऱ्यानं बांधा.

ग्रुप दोन करा. एक गप्पांचा, एक फक्त पुराचा. दुसऱ्यात तीनच माणसं लिहू शकतील अशी सेटिंग करा. आमचा तो एक मेसेज शुभेच्छांखाली गाडला गेला नसता, तर आमच्याकडे दीड तास होता.

७. रात्री प्रत्यक्षात

तिघं लागतात. एक जण घाटावर, दर अर्ध्या तासानं खूण बघून फोन करणारा. एकट्यानं जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही. एक जण फोनवर, अधिकृत आकडा आणि इशारा बघणारा. आणि एक जण वही घेऊन, जो कुणालाही फोन करत नाही आणि ग्रुपवर वादही घालत नाही. ठरावातला कागद समोर ठेवून तो फक्त एवढंच बघतो की कुठल्या टप्प्याइतकी खात्री झाली. सांगतो तोच.

हे तिसरं काम चेअरमनला देऊ नका. रात्री सगळ्यात जास्त फोन त्यालाच येतात, आणि दहावा घाबरलेला आवाज ऐकल्यावर माणसाचा निर्णय डळमळतो. आमच्याकडे हे काम ए विंगमधल्या निवृत्त शिक्षिका करतात. त्या कुणाचंही बोलणं मध्ये तोडत नाहीत, पण बोलून झालं की विचारतात, "किती वाजताचं?"

गेल्या पावसाळ्यात आजींना दोनदा वर नेलं, दोन्ही वेळा वीज चालू असताना, मशीनसकट, लिफ्टनं. एकदा पाणी पार्किंगच्या उतारापर्यंत आलं. एकदा आलंच नाही. दोन्ही नोंदी वहीत आहेत. वही वॉचमनमामांच्या केबिनमध्ये, वरच्या फळीवर असते.